पत्र्याचा प्रश्न

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हटले की चर्चा इंजिनापासून सुरू होते. बोअर किती झाले, क्रँकला अजून एक कट बसेल का, कार्बोरेटर मूळचा आहे की कुणी बदलला, यावर तासन्‌तास बोलणारी माणसे भेटतात. दाराखालच्या पत्र्याबद्दल आपणहून कुणी बोलत नाही. वास्तविक इंजिन हा अशा गाडीतला सगळ्यांत सरळ भाग. जाड ओतीव लोखंडाचे, आतून तेलाने माखलेले, बोल्ट सोडले की बाहेर येणारे. आणि त्यात काय झिजले हे मोजून सांगता येते. पत्र्याचे तसे नाही. तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो, शेकडो ठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो आणि सडतो तो आतल्या बाजूने. वरचा रंग चकाकत असताना आत भुगा झालेला असतो. भयंकर गंजलेली गाडी घरच्या घरी दुरुस्त करता येते का, या प्रश्नाचा निकाल म्हणून पत्र्यापाशीच लागतो. कुर्ल्यासारख्या ठिकाणी त्याचे उत्तर ‘हो’ असे देता येईल, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्यासाठी ‘घर’ या शब्दात आपल्या इमारतीबाहेरची गल्लीही धरावी लागते, आणि त्या गल्लीतला पत्रेकाम करणारा हात शाबूत आहे तोवरच ते उत्तर खरे.

कुर्ला निवडायला कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच होता, आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरात. सुरुवातीला तिथून अमेरिकेच्या क्रायस्लर घराण्यातल्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या निघाल्या. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली आणि फियाट ११०० आली. १९६४ साली तिचे डिलाइट हे रूप आले, १९७२ साली तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नावे फिरली, समोरची जाळी आणि दिवे फिरले. खालचा सांगाडा बहुतांशी तोच राहिला. विसावे शतक संपता संपता उत्पादन थांबले. आता त्या भागात इमारती आहेत, आणि प्रीमियर रोड हे नाव कारखान्याची आठवण ठेवून आहे. तिथून फार लांब नाही अशी टॅक्सीमेन्स कॉलनी, आणि पलीकडे सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने. गाडीचा जन्म, तिची नोकरी आणि तिचे भंगार हे सगळे एका उपनगरात सापडणे हा योग मोटारींच्या मोठ्या शहरांनाही सहसा लाभत नाही.

इथे कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करायचा तो एखाद्या स्पोर्ट्स कारसाठी, आणि तुम्ही आणलीत टॅक्सी म्हणून राबणारी पद्मिनी. आक्षेप रास्त आहे, पण वरवरचा. आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात एमजीसारखी दोन आसनी उघडी गाडी बाळगणे मूठभरांना जमले. आपल्याकडे बनलेली आणि स्वतःला उघडपणे स्पोर्ट्स कार म्हणवणारी गाडी यायला १९९८ उजाडावे लागले. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ती. तिची बॉडी फायबरग्लासची होती, म्हणजे तिने आपला प्रश्न सोडवण्याऐवजी त्याला वळसाच घातला. मधल्या चाळीस वर्षांत मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ज्या गाड्या शर्यतीत उतरत, त्यांत फियाटचा भरणा मोठा होता. हे नुसते नाइलाजाचेही नव्हते. पिनिनफारिनाने घडवलेली आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मानाने ठेवलेली सिसितालिया २०२ ही इटालियन स्पोर्ट्स कार ज्या १०८९ सीसी फियाट इंजिनावर बेतली होती, त्याच कुळातले आणि तेवढ्याच मापाचे इंजिन कुर्ल्याच्या गाड्यांत बसले. काळ्यापिवळ्या रंगाने हे घराणे झाकून टाकले एवढेच. शिवाय गंजाला प्रतिष्ठा कळत नाही. एमजीच्या दाराखाली तो जसा शिरतो, तसाच पद्मिनीच्या.

तो शिरतो कसा, हे नीट पाहिल्याशिवाय दुरुस्तीची भाषा पोकळ ठरते. गंज म्हणजे पत्र्याच्या अंगावर चाललेल्या असंख्य बारीक बॅटऱ्या. पाण्याचा पातळ थर, हवेतला प्राणवायू आणि लोखंड एवढे मिळाले की एका बिंदूवर लोखंड विरघळू लागते आणि शेजारच्या बिंदूवर प्राणवायू पाण्याशी मिळून ती क्रिया पुढे ढकलतो. पाण्यात मीठ असले की वीज सहज वाहते आणि सगळे वेगाने घडते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल तर उघडे लोखंडही बराच काळ तग धरते. मुंबईत पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर राहते, सांताक्रूझला एका मोसमात सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाऱ्यात समुद्राचा खारटपणा असतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की पाचरीसारखा त्यांना फाकवतो, आणि फाकलेल्या फटीत आणखी पाणी ओढले जाते. पावसाने गाडी गंजते असे आपण म्हणतो, पण वाहून जाणारे पाणी फारसे नुकसान करत नाही. अडकलेले पाणी करते. दाराच्या तळाशी, काचेच्या रबराखाली, डिकीच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके पिंपळाच्या पानांनी आणि धुळीच्या लगद्याने बुजली की तिथून पुढचे काम गंज स्वतः करतो. मालक ज्या मायेने गाडीवर निळी ताडपत्री आवळून बांधतो, ती माया तर सरळ घातकी. आतली वाफ बाहेर पडत नाही आणि गाडी चार महिने दमट गादीत झोपते.

कुर्ल्याच्या गाडीला याहून वेगळी एक परीक्षा द्यावी लागली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीने काठ सोडला आणि कुर्ला, कालिना हा पट्टा पाण्याखाली गेला. उभ्या गाड्यांत पाणी शिरले. नंतर सीटा उन्हात वाळवल्या गेल्या, इंजिनाचे तेल बदलले, वायरिंग तपासले, गाडी चालू झाली आणि प्रकरण संपले असे सगळ्यांना वाटले. दाराखालच्या बंद पेटीत शिरलेला गाळ मात्र कुणी काढला नाही. तो काढायला वाटच नव्हती. गाळ ओलावा धरून ठेवतो आणि मिठीचा गाळ काही गोड्या झऱ्याचा नव्हे. या भागातली कुठलीही जुनी गाडी पाहताना त्या दिवशी ती कुठे उभी होती, तळमजल्याला की चढावर, हे विचारणे इंजिनाच्या चौकशीहून जास्त उपयोगाचे आहे.

आता दाराखालच्या या पेटीला एवढे महत्त्व का. ११०० ही १९५३ साली युरोपात आली तेव्हा तिच्या नव्या रचनेत खाली वेगळी चेसिस नव्हती. छप्पर, फरशी, खांब आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या मिळूनच तिचा सांगाडा होतो. पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे, दोन्ही थेट या पत्र्याच्या पेटाऱ्यावर टेकलेले. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्डचे उलट आहे. तिला वेगळी चेसिस होती, तिच्याच वंशात ट्रायम्फ स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार झाली, आणि त्या दोघींची बॉडी बोल्ट सोडून उचलता येते. घरी काम करणाऱ्यासाठी ती रचना दयाळू आहे. फियाटमध्ये मात्र दाराखालची पट्टी सडली म्हणजे गाडीची कंबर गेली. तपासणी सोपी आहे. दाराखाली जॅक लावून हळूहळू उचलायचे आणि दाराची फट पाहायची. फट कमीजास्त झाली, दार अडकू लागले, तर सांगाडा वाकतो आहे. अशा गाडीचा सडलेला भाग उत्साहाने कापून टाकला तर ती मधून बसते आणि मग नवा पत्रा वाकड्या सांगाड्यावर कायमचा जोडला जातो. म्हणून कामाचा क्रम पाळावाच लागतो. गाडी चारही ठिकाणी घोड्यांवर समतल ठेवायची, दारांच्या चौकटीत आतून लोखंडी नळ्यांचे आधार जोडायचे, दारे लावून फटी मोजत राहायच्या आणि एका वेळी एकच बाजू कापायची. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत एक उपयोगी नियम आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट जिथे बॉडीला बांधलेले असतात, तिथून तीस सेंटिमीटरच्या आतला गंज हा गाडी नापास करणारा गंज. बाहेरचा तेवढा गंभीर धरत नाहीत. आपल्याकडच्या मालकाने हा नियम स्वतःहून स्वतःला लावून घ्यावा. मडगार्डच्या कडेचे भोक लाजिरवाणे असते, पाट्याच्या टेकूजवळचे जीव घेऊ शकते. आणि बहुतेकांचा खर्च नेमका उलट्या क्रमाने होतो.

मग सडलेल्या पत्र्याच्या जागी दुसरा आणायचा कुठून? इंग्लंडमध्ये एमजीबीच्या मालकाला हा प्रश्न फारसा पडत नाही. १९८८ पासून तिथे या गाडीची अख्खी नवी बॉडी मूळ साच्यांवर दाबून मिळू लागली, आणि सुट्या पॅनेलांची तर रीतसर यादीच असते. परदेशी पुस्तकांत घरच्या दुरुस्तीची जी सोपी चित्रे दिसतात ती या पुरवठ्यावर उभी आहेत. आपल्याकडे सीएसटी रोड आहे, आणि तिथे पद्मिनीचा स्टार्टर, गिअरबॉक्स, दाराचे हँडल, काच अजूनही विचारपूस केली तर हाती लागते. पण पत्र्याच्या बाबतीत भंगारबाजाराची एक मूलभूत अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एका जातीच्या सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी सडतात. पाणी अडकायची जागा रचनेनेच ठरलेली असते. त्यामुळे तुमच्या गाडीचा जो तुकडा गेला आहे, तोच भंगारातल्या गाडीचाही गेलेला असतो, आणि जो भाग तिथे ठणठणीत मिळतो त्याची तुम्हाला गरज नसते. टॅक्सी म्हणून वीस वर्षे राबलेल्या गाडीचे तर विचारूच नका: दिवसरात्र रस्त्यावर, तुंबलेल्या पाण्यातून, पुढे पुढे डिकीत सीएनजीची जड टाकी घेऊन. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून गेली. टॅक्सीचा हा ओघ आटल्यावर यंत्राच्या भागांचा तुटवडा हळूहळू जाणवेल. पत्र्याचा तुटवडा मात्र पहिल्यापासूनच होता. तो तुकडा कुठून काढून आणता येत नाही, ठोकून घडवावाच लागतो.

हे घरी कसे करायचे, हा सगळ्यांत ठाशीव आक्षेप. परदेशातला छंदिष्ट आपल्या गॅरेजात कुलूप लावून दहा वर्षे काम करतो. कुर्ल्यात माणसाला स्वतःला अंग पसरायला जागा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवला तर वरच्या मजल्यावरून हाक येते. रस्त्यावर उघडलेली गाडी आणखी धोक्याची, कारण चाके काढलेली, दारे नसलेली मोटार महापालिकेच्या नजरेत बेवारस वाहन असते, आणि नोटीस चिकटवून गेलेले लोक पुढच्या वेळी ट्रक घेऊन येतात. हे सगळे खरे आहे. तरी त्यातून ‘घरी होत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. पुनर्बांधणीच्या एकूण तासांचा हिशेब मांडला तर वेल्डिंगचे तास थोडे असतात. मोठा वेळ जातो तो भाग सोडण्यात, त्यांना चिठ्ठ्या बांधण्यात, प्रत्येक जोडाचे फोटो काढण्यात, खरवडण्यात, धुण्यात, बोल्ट सांभाळण्यात आणि शेवटी सगळे पुन्हा बसवण्यात. हे काम आवाज न करणारे आहे आणि ते बादलीत, बाल्कनीत, जिन्याखाली होते. शिवाय नेमक्या याच कामाला पैसे देऊन माणूस मिळत नाही, कारण रोजावर काम करणाऱ्याला ते परवडत नाही. मालकाने हे उचलावे आणि आग, ठिणगी, फवारा हे तीन प्रकार बाहेर द्यावेत. ही विभागणी मानली तर जागेची अडचण निम्मी होते.

बादलीतल्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण तिथे स्वस्त आणि चांगले एकत्र नांदते. बिजागऱ्या, कंस, दाराची यंत्रणा, नटबोल्ट यांचा गंज काढायला लिंबाच्या फुलाचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे, पाणी पुरते. एक-दोन दिवस बुडवायचे, ब्रशने घासायचे, सोड्याच्या पाण्यात धुवायचे, वाळवून लगेच प्रायमर द्यायचा. मोठ्या भागांना साखर कारखान्यातली मळी नऊ-दहा पट पाण्यात कालवून वापरतात. ती आठवड्यांच्या हिशेबाने काम करते, वास मारते, पण गंज सोडवून घेते आणि चांगल्या लोखंडाला फारशी दुखवत नाही. उसाच्या मुलखाने हा उपाय परक्यांकडून शिकावा ही गंमतच. तिसरी रीत विजेची: धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला. या टाकाऊ तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने हे बंद खोलीत करू नये. स्प्रिंगसारख्या कडक पोलादाला आम्ल आणि वीज दोन्ही वर्ज्य, ते ठिसूळ होते. ‘गंजावर लावा आणि विसरा’ म्हणून मिळणारी द्रव्ये फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाची असतात. ती वरवरच्या गंजाला स्थिर करतात. जिथे पत्राच उरलेला नाही तिथे ती काय स्थिर करणार? जुन्या ब्रेक लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा कोरडे घासून धूळ उडवण्यापेक्षा ओले घासणे बरे, आणि लहान मुले असलेल्या घरात ते घराबाहेरच. पेट्रोलच्या टाकीला तर घरी आच दाखवण्याचा विचारही नको. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त भडकते.

बाहेरच्या कामाचा कणा म्हणजे डेंटर. सपाट पत्रा, हातोडी, डॉली आणि वाळूची पिशवी एवढ्यावर दुहेरी वळणाचा मडगार्ड उभा करणारे हात मुंबईत घडले, ते याच टंचाईमुळे. पण त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत दोन खोडी आहेत आणि मालकाने त्या ओळखून आधीच बोलून घ्यावे. एक, सडलेल्या पत्र्यावर वरून पॅच मारणे. जुना गंज आत तसाच, त्यावर नवा पत्रा, मध्ये पाणी धरणारी फट. दोन-तीन पावसाळ्यांत पॅचच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून कडेला कड जोडणे हाच मार्ग, मग वेळ कितीही लागो. दोन, लांबी, म्हणजे पुट्टी. दोन मिलिमीटरच्या खळग्यासाठी लांबी ठीक. भोकावर जाळी ठोकून बोटभर लांबी थापणे म्हणजे फसवणूक, कारण ती पाणी शोषते आणि खालच्या पत्र्याला ओले ठेवते. लोहचुंबकाला कापडात गुंडाळून गाडीभर फिरवले की कुठे लोखंड आहे आणि कुठे लांबी, ते गाडी स्वतःच सांगते. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लहरी येतात. कारागीर ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात त्याने, थोडे थोडे टाके घालत गेले तर पत्रा कमी वाकतो. जोडकाम झाल्यावर पेटीच्या आत मेणयुक्त द्रव लांब नळीने फवारणे ही शेवटची पायरी, आणि तीच सर्रास गाळली जाते, कारण ती दिसत नाही. पूर्वी जळके तेल मारत. ते अगदीच टाकाऊ नाही, मात्र रबराला खाते.

पैशाचा आक्षेप टाळून चालणार नाही. एवढ्या खर्चात बरी वापरलेली गाडी येते, मग हे कशाला? हिशेब म्हणून आक्षेप बिनतोड आहे. भयंकर गंजलेली पद्मिनी पुनर्बांधणीनंतर विकून नफा होईल असे जो सांगतो त्याने एक तर पत्रा उघडलेला नाही किंवा तो लांबीचा भक्त आहे. परंतु हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो, की पर्याय म्हणून आणलेली वस्तू हीच वस्तू आहे. आजोबांचे घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला मोबाइलमध्ये वेळ दिसतो हे ठाऊक असते. खर्च आटोक्यात ठेवण्याचा खरा मार्ग नेम ठरवण्यात आहे. प्रदर्शनातली गाडी हवी की पावसाळा सोडून आठवड्याला एकदा चालणारी? दुसरी हवी असेल तर भार वाहणाऱ्या पत्र्यावर सढळ हाताने खर्चावे आणि क्रोम, गाद्या, रंगाची आरशासारखी झळाळी यांना थांबायला सांगावे. मला जुन्या रंगाचे चट्टे अंगावर घेऊन फिरणारी मजबूत गाडी चकचकीत पण पोकळ गाडीपेक्षा केव्हाही देखणी वाटते.

एवढा पत्रा बदलल्यावर ती गाडी मूळची राहिली कुठे, असे जाणकार विचारतात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा रोखही याच दिशेचा आहे: आधी जपा, मग टिकवा, अगदीच लागले तर पुन्हा घडवा, आणि जे नवे घातले त्याची नोंद ठेवा. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून ती बेतलेली आहे, आणि तिचा विवेक मान्य करायला हवा. पण जतनाची ही पायरी कोरड्या हवेतल्या गोदामात जमते. मिठीकाठी गंजाला हात न लावणे म्हणजे गाडी त्याच्या हवाली करणे. शिवाय कुर्ल्याची गाडी कधीच एका क्षणात गोठलेली वस्तू नव्हती. पहिल्या दहा वर्षांतच तिच्यात गल्लीतल्या हातांचे काम मिसळू लागे. म्हणून सनदेतले नोंदीचे कलम आपण सगळ्यांत आधी पाळावे. ते सरकारी नियमांच्या दृष्टीनेही सोयीचे आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात असलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नंबरमालिका. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. सडलेली पट्टी त्याच मापाची, त्याच आकाराची पुन्हा बसवणे हा फेरफार नव्हे, असे माझे मत. पण ते पटवायला कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो लागतील. आणि चेसिस नंबर कोरलेल्या पत्र्याला कटर लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. तो तुकडा गेला तर गाडी कागदावर मरते.

या नोंदणीची दुसरी बाजू अशी की विंटेज ठरलेली गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. ज्याला चालवायची आहे त्याने नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे, आणि ते महाग होत चालले आहे. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० झाले. धुराच्या मुद्द्यावर या गाड्यांची वकिली मी करणार नाही. जुने कार्बोरेटर इंजिन आजच्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त धूर सोडते, वाद नाही. पण वर्षाकाठी हजार किलोमीटर न धावणाऱ्या गाडीचा धूर आणि नवी गाडी घडवायला लागणारे पोलाद, वीज, खाणकाम हे एकाच तराजूत ठेवले तर पारडे वाटते तितके एका बाजूला झुकत नाही. जुन्या बॉडीत बॅटरी आणि मोटर बसवावी, असा सल्ला हल्ली मिळतो. बॅटरीचे वजन सडक्या फरशीवर ठेवण्याआधी पुन्हा पत्र्याचाच प्रश्न सोडवावा लागेल, आणि मोटर बसवल्यावर विंटेज नोंदणीची दारे बंद झालेली असतील.

राहता राहिला कारागीर, आणि मला चिंता आहे ती त्याचीच. आजच्या गाडीला ठोकर लागली की विमा कंपनी पॅनेल बदलून देते. ठोकण्याची गरज पडत नाही, म्हणून शिकण्याचीही नाही. हातोडी-डॉलीवर दुहेरी वळण काढणारे उस्ताद वयस्क झाले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली पोरे थांबत नाहीत. सुटे भाग उद्या संगणकावर मापे घेऊन छापता येतील, रबरे ओतता येतील, रंग जुळवता येईल. दाराखालच्या पट्टीचा सडलेला कोपरा कुठवर कापायचा हे बोटांनी टकटक करून सांगणारा माणूस छापता येणार नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी इंजिनाचा विचार सध्या बाजूला ठेवावा, ताडपत्री काढावी, एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाराखाली वाकावे आणि ऐकीव नावांपैकी एखादा जुना डेंटर शोधून त्याच्याशी आधी बोलून ठेवावे. पाऊस ऑक्टोबरात हटतो आणि जूनमध्ये परततो. पत्रा उघडायला आणि पुन्हा बंद करायला आठ महिने मिळतात.